खडूच्या रेघेपलीकडची पुडी

बाळांनो, एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओटा एकच, पण त्याच्या मधोमध खडूची रेघ. रेघेच्या अलीकडे आईची शेगडी, आईची पातेली, आईचं मीठ. पलीकडे काकूची शेगडी, काकूची पातेली, काकूचं मीठ. आणि दोघींच्या मध्ये नऊ वर्षांची एक मुलगी. दिवसभर इकडून तिकडे फिरते म्हणून घरातले सगळे तिला भिंगरी म्हणत.

भांडण लागलं ते खळीवरून. आजोबा पुस्तकांची बांधणी करत. पुठ्ठे चिकटवायची त्यांची खळ एकदा शेगडीवर करपली. आई म्हणाली, तुझं लक्ष नव्हतं. काकू म्हणाली, पाळी तुमची होती. त्याला तीन महिने झाले. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. बोलायचं ते भिंगरीच्या तोंडून.

“सांग तुझ्या काकूला, तिचं पाणी आमच्या हद्दीत आलंय.”

“सांग तुझ्या आईला, पाण्याला रेघ वाचता येत नाही.”

सोमवारी सकाळी आजोबांना ताप भरला. अंग ठणकू लागलं. बाबा आणि काका तयार पुस्तकं पोचवायला परगावी गेले होते. मग काय, सासऱ्यांची सेवा कोण जास्त करतं याची चढाओढ लागली.

आईनं चंदेरी पट्टीतल्या दोन गोळ्या दिल्या. “काकूला बोलू नकोस हं. लगेच मिरवायला येईल.”

तासाभरानं काकूनं सर्दीतापाची पुडी गरम पाण्यात ढवळून दिली. “आईला सांगितलंस तर बघ. नाकं मुरडत बसेल.”

दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा तेच. आजोबा मुकाट्यानं घेत राहिले. सुना बोलत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांना वाटलं, औषधापुरतं तरी बोलल्या असतील.

मंगळवारी सकाळी चहा पोटात ठरेना. “मळमळतंय गं,” ते भिंगरीला म्हणाले. तेवढ्यात आईनं तिच्या एका हातात गोळ्यांची पट्टी दिली, आणि आईची पाठ वळताच काकूनं दुसऱ्या हातात पुडी कोंबली.

दोन्ही हात भरलेली भिंगरी दारातच थबकली. आजोबा नेहमी म्हणत, “पुठ्ठ्यावरून पुस्तक ओळखू नये. नवा पुठ्ठा घातला तरी आत जुनंच असतं. पहिलं पान उघडावं.” तिनं त्यांचं भिंग घेतलं आणि पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली. पॅरासिटामॉल. पुडी उलटी केली. पॅरासिटामॉल.

ती धावतच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानातली बाई भारी तिरसट. “काय आहे? लवकर बोल.”

भिंगरीनं कालपासूनचं सगळं सांगितलं. बाईंनी तिच्या हातातली पट्टी आणि पुडी ओढून घेऊन वाचली.

“कुठल्या शहाण्यानं दिलं हे?”

“दोन शहाण्यांनी,” भिंगरी म्हणाली.

“पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. औषधाचं नाव बारीक असतं, तेच वाचायचं. एकाच नावाची दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत. हे औषध वाईट नाही, पाकिटावर लिहिलंय तेवढं आणि तेवढ्याच अंतरानं घेतलं तर. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसभरात चार हजार मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हाताऱ्या, अंगानं किरकोळ माणसाला त्याहून कमीच. एका गोळीत पाचशे, एका पुडीत हजार, म्हणजे तुझ्या आजोबांच्या पोटात काल सहा हजार गेलं. यकृत आतल्या आत बिघडतं, नि माणूस दोन दिवस ठणठणीत दिसतो. तेव्हा बरं वाटतंय म्हणाले तरी ऐकू नकोस. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. ही दोन्ही पाकिटं घेऊन. पळ!”

घरी भिंगरीनं हे सांगताच स्वयंपाकघर पेटलं.

“सांग तुझ्या काकूला, हौसेनं पुड्या पाजल्या नसत्या तर ही वेळ आली नसती!”

“सांग तुझ्या आईला, गोळ्या लपवून कोण देत होतं म्हणावं!”

“सांग तिला...”

“नाही सांगणार,” भिंगरी म्हणाली. असं ती कधी बोलली नव्हती. तिनं पट्टी आणि पुडी खडूच्या रेघेवर शेजारी शेजारी ठेवली. “औषधालाही रेघ वाचता येत नाही.”

मग दोन्ही उचलून तिनं खिशात घातली, आजोबांच्या पायांत वहाणा सरकवल्या आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन निघाली. दोघी मागून आल्या. एक रस्त्याच्या या कडेनं, दुसरी त्या कडेनं, वाटभर एकमेकींना ऐकू जाईल असं पुटपुटत.

डॉक्टरीणबाईंनी आजोबांचं रक्त काढलं. “आजच आणलंत हे बरं केलंत. यावर उतारा आहे. पण मला नेमकं कळायला हवं. कुणी, काय, किती आणि किती वाजता दिलं?”

आई छताकडे बघू लागली. काकू पदराचं टोक पिळत राहिली. मग दोघींनीही भिंगरीकडे पाहिलं, आणि दोघींचेही डोळे एकच सांगत होते, माझं नाव घेऊ नकोस.

भिंगरीनं पट्टी आणि पुडी टेबलावर ठेवली, आणि सोमवारच्या पहिल्या गोळीपासून, आईचं एक, काकूचं एक, काहीही न लपवता सगळं वेळेसकट सांगायला लागली.