दोन्हीकडं अर्थशास्त्रच

रीतानं तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

दारात बसलेल्या तिच्या नणंदेनं, प्रतिक्षानं, मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पुण्याच्या कॉलेजात बी.एस्सी. अर्थशास्त्राला पहिल्या वर्षी काय असतं ते ती वाचत होती. "मायक्रो, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा..."

"आन् भंडाऱ्याच्या बी.ए.ले?"

"अर्थशास्त्र, इतिहास, मराठी. गणित नाई." प्रतिक्षाच्या आवाजात सुटकेचा सूर होता. "वैनी, दोन्हीकडं अर्थशास्त्रच तं हाये. मंग पुण्याले कायले जाऊ?"

पोळी करपली. रीताच्या हातून असं सहसा होत नसे.

नाकाडोंगरीहून ती लग्न होऊन कारध्याला आली तेव्हा प्रतिक्षा आठवीत होती आणि भूमिती दिसली की रडायची. भांडी घासता घासता रीतानं राखेच्या परातीत बोटानं वर्तुळ काढून तिला स्पर्शिका समजावली. पुढे तर सासू दुपारी आडवी झाली की प्रतिक्षाचं पुस्तक उघडून रीता पुढचे दोन धडे स्वतःच सोडवून ठेवायची. प्रतिक्षाला शिकवायचंय म्हणून, असं ती स्वतःला सांगे. प्रतिक्षाची बारावी झाली आणि पुस्तकं बांधून कोणाला तरी दिली गेली, त्या दिवसापासून दुपार तिला फार लांब वाटू लागली होती.

"पुण्याले तुम्ही थोड्याच राहान समजावाले?" प्रतिक्षा हळूच म्हणाली.

रीतानं गॅस बारीक केला. "बी.ए. मनातून पाहिजे असन तं खुशाल घे. गणिताच्या भेवानं घेऊ नको."

प्रतिक्षानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "मनातून तं पुणंच हाये. दादा पाठवन का?"

संध्याकाळी रीताचा नवरा वीरेंद्र वरठीच्या कारखान्यातून आला. चहा व्हायच्या आतच सासूनं, शकुंतलाबाईंनी, विषय काढला.

"भंडाऱ्याचं कॉलेज काय वाईट हाये? पोरगी डोळ्यासमोर राहते. माहे गुडघे असे, घरात दोन हात कमी होतीन."

वीरेंद्र बुटांच्या नाड्या सोडत राहिला. आईपुढे तो सहसा बोलत नसे; रीता तर नाहीच. पण आज ती पदराला हात पुसत पुढे आली.

"जाऊ द्या तिले, आई. घरचं माह्यावर सोडा."

शकुंतलाबाईंनी सुनेकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. त्या दिवशी कोणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आठवडाभरात वीरेंद्रनं तिकीट काढलं.

वरठीच्या फलाटावर प्रतिक्षा वहिनीच्या गळ्यात पडली. गाडी हलली तरी खिडकीतून हात बाहेर होता. "अडलं का फोन करीन हो, वैनी!"

"कर," रीता म्हणाली. मग एकदम मोठ्यानं, "नाई अडलं तरी कर! काय शिकवलं ते सांगत जा!"

परतताना ती वीरेंद्रच्या मागे मोटारसायकलवर बसली होती. भंडाऱ्यात कॉलेजजवळ तिनं वीरेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा."

"काहून? काई राहिलं का?"

ती उतरली आणि फाटकातून आत गेली. खिडकीमागच्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "अ‍ॅडमिशन कोणाची?"

"माही. बारावी सायन्स झाली हाये, पाच वर्षांआधी. अर्थशास्त्र बी.एस्सी.ले हाये का इथं?"

"नाही. बी.ए.लाच आहे."

"मंग बी.ए.सोबत गणित घेता येते का?"

आता बाबूंनी वर पाहिलं. "अजून तरी कोणी मागितलं नाही. सरांना विचारतो, थांबा."

ते आत गेले. वीरेंद्र मागे येऊन उभा होता. केव्हापासून, ते तिला कळलं नव्हतं. गाडीची किल्ली त्यानं या हातातून त्या हातात घेतली.

"आईले काय सांगाचं?" तो म्हणाला.

"तुम्हीच पाहा," ती म्हणाली.

तो हसला नाही, रागावलाही नाही. भिंतीशी बाक होता, त्यावर जाऊन बसला.

पलीकडच्या वर्गात कोणीतरी फळ्यावर भरभर लिहीत होतं. काय लिहितात ते दिसत नव्हतं, नुसता खडूचा आवाज येत होता. रीता त्या बाजूला थोडी सरकली.