माझ्या पोटावरची पेन्सिलीची रेघ

मित्रांनो, मी एक जुना स्केटबोर्ड आहे आणि माझ्या पोटावर पेन्सिलीची एक रेघ आहे. ती नक्षी नव्हे. मला नेमकं कुठे कापायचं, हे लक्षात राहावं म्हणून ती ओढलेली आहे. मी अजून अख्खा आहे याचं श्रेय ज्या गृहस्थांना जातं, त्यांना स्केटबोर्डमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रेघही त्यांनीच ओढली होती. पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ उडेल.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे सात पातळ थर एकावर एक चिकटवून, भल्यामोठ्या यंत्राखाली दाबून मला घडवलं. दाबतानाच माझी दोन्ही टोकं वर वळवली. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे याच टोकांपायी माझे फार हाल झाले. मग उभं राहणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून पाठीवर काळा खरखरीत कागद चिकटवला. खाली चार चाकं बसवली आणि पोटावर एक पिवळाधमक विंचू रंगवला. विंचूच का, ते मला आजवर कळलेलं नाही. पण दुकानाच्या काचेत टांगलेला असताना मी त्याच्या जिवावर बराच भाव खाल्ला.

मला एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी विकत घेतलं. घरात तिला सगळे खारूताई म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नव्हती. पहिले सहा महिने माझे सुखाचे गेले. ती माझ्यावर उभी राहायला शिकली, एका पायाने जमीन मागे ढकलून पुढे जायला शिकली, पाय घासून थांबायला शिकली. मग मागच्या टोकावर भार देऊन, पुढची चाकं उचलून जागच्या जागी वळायलाही शिकली. याला ती किकटर्न म्हणायची. शेजारचे लोक गॅलरीत येऊन बघत आणि तिची वाहवा करत. त्यातली निम्मी वाहवा माझी आहे असं मी धरून चालायचो.

आणि मग तो खडा आला. हरभऱ्याएवढा असेल, मोठा नव्हता. शाळेच्या मधल्या सुट्टीत, पटांगणावर, सगळा वर्ग बघत असताना तो माझ्या पुढच्या चाकाखाली आला. मी जागीच थांबलो, खारूताई थांबली नाही. ती थेट पाण्याच्या नळाखालच्या चिखलात जाऊन पडली आणि सगळं पटांगण खो खो हसलं. कोणी हात दिला नाही. एकाने तर पडण्याची नक्कल करून दाखवली.

गुडघा आठ दिवसांत बरा झाला, पण ते हसणं काही बरं होईना. तिने मला पलंगाखाली ढकललं. मी तिथे एक हरवलेला मोजा आणि बरीचशी धूळ यांच्या संगतीत चार महिने काढले. मला वाईट वाटायचं ते धुळीचं नाही. घरात आता तिचे पळण्याचे आवाज येत नव्हते, त्याचं.

उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागली तेव्हा तिच्या आईने तिला आपल्या माहेरी पाठवलं आणि तिच्या नकळत मलाही सामानात घातलं. तिथले आजोबा सुतार होते. खाली त्यांचा कारखाना, वर घर, आणि पुढे फरसबंद अंगण. आजोबांच्या उजव्या कानावर कायम एक पेन्सिल असे. आजी म्हणायच्या, लग्नाच्या फोटोतसुद्धा ती आहे, हवं तर भिंग लावून बघा.

पिशवीतून मी निघताच खारूताईने मला नेऊन कारखान्यातल्या लाकडांच्या तुकड्यांत टाकलं. दुसऱ्याच दिवशी आजींची नजर माझ्यावर गेली. त्यांना स्वयंपाकघरात डब्यांसाठी एक छोटी फळी हवी होती. सुताराची बायको असल्यामुळे ती गेली अकरा वर्षं मिळालेली नव्हती.

"अहो, ही घ्या. चांगली रुंद आहे. टोकं उडवा आणि ठोका भिंतीला," आजी म्हणाल्या. "विंचू खालच्या अंगाला जाईल, कोणाला दिसणार नाही."

आजोबांनी मला उलटं केलं, माप घेतलं आणि पोटावर रेघ ओढली. ती विंचवाच्या बरोबर नांगीतून गेली. त्यांनी करवत उचलली. मित्रांनो, माझ्या चारही चाकांना कापरं भरलं. दारात खारूताई उभी होती.

"कापू का गं?" आजोबांनी विचारलं.

"कापा. मला नकोय," ती म्हणाली.

पण ती दारातून हलली नाही, माझ्याकडेच बघत राहिली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि करवत खाली ठेवली. चिखलाची आणि हसण्याची सगळी हकीकत त्यांच्या लेकीने त्यांना फोनवर सांगितलेली होती.

"वस्तू वापरून बघितल्याशिवाय मी मोडीत काढत नाही," ते म्हणाले. "मी शिकतो यावर. अंगणाच्या त्या टोकाला जायचं, तुझा तो किकटर्न मारायचा आणि पाय न टेकता परत यायचं. सुट्टी संपायच्या आत मला जमलं, तर तू पुन्हा चढायचं. नाही जमलं, तर आजीची फळी. कबूल?"

खारूताईने आजोबांचे पांढरे केस बघितले, सुटलेलं पोट बघितलं आणि म्हणाली, "कबूल." आजी कपाळावर हात मारून वर निघून गेल्या.

आता माझं सगळं आयुष्य एका साठी उलटलेल्या माणसाच्या तोलावर लोंबकळत होतं. पण शिकण्याआधी त्यांनी मला दुरुस्त करायला घेतलं, आणि इथूनच माझे हाल सुरू झाले.

सुताराच्या डोळ्याने बघा. माझी दोन्ही टोकं वर वळलेली. "ओल लागून वाकलंय बिचारं," असं म्हणत त्यांनी माझी चाकं उतरवली आणि मला दोन जाड फळ्यांमध्ये घालून क्लॅम्पने आवळलं. तीन दिवस मी तसाच पडून होतो. चौथ्या दिवशी सोडलं, तर मी पुन्हा होतो तसा वाकडा. सात थर एकजुटीने राहिले, याचा मला आजही अभिमान आहे. आजोबा मात्र म्हणाले, "पीळ फार आहे लाकडाला."

मग त्यांचा हात माझ्या पाठीवरून फिरला. "अरेरे! घासता घासता काम अर्धवट टाकलं आणि पॉलिश पेपर वर तसाच चिकटला!" त्यांनी माझा तो काळा कागद टराटरा सोलून काढला, खालचं लाकूड घासून तुळतुळीत केलं आणि त्यावर व्हार्निशचे दोन हात दिले. मी आरशासारखा चमकायला लागलो. शेवटी त्यांनी माझी चाकं परत बसवून हलवून बघितली. चाकांवरचे आस डावी-उजवीकडे झुकत होते. ढिला सांधा दिसला की आजोबांना घास गोड लागत नसे. त्यांनी पाना घेऊन दोन्ही नट असे पिळले, की मी झुकणंच विसरलो.

खारूताई वरच्या खिडकीतून सगळं बघत होती. ती एक शब्द बोलली नाही. आजोबांना जमू नये, अशीच तिची इच्छा असावी.

पहिल्या सकाळी अंगणात आजोबा, आजी आणि समोरच्या गाळ्यातले पॉलिशवाले काका एवढी मंडळी जमली. आजींनी आजोबांच्या कमरेला मागच्या बाजूने उशी बांधली होती. आजोबांनी माझ्यावर डावा पाय ठेवला, मग उजवा ठेवला, आणि व्हार्निशने आपलं काम केलं. पाय पुढे गेले, आजोबा मागे राहिले. उशीवर बसल्याचा धप्प असा आवाज झाला.

पॉलिशवाले काका पोट धरून हसले. "मिस्त्री, पॉलिश एक नंबर झालंय हं!"

मी खिडकीकडे बघितलं. खारूताईचा चेहरा पडला होता. जणू आजोबा नव्हे, तीच पुन्हा चिखलात पडली होती.

आजोबा उठले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, कारखान्याच्या दाराच्या चौकटीवर एक उभी रेघ ओढली आणि पेन्सिल परत कानावर ठेवली. "एक," ते म्हणाले आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

त्या दिवशी चौकटीवर सात रेघा झाल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. आजोबा उभे राहायला शिकले, पण मी वळायलाच तयार नाही! नट आवळलेले असताना मी तरी काय करणार? मी सरळ गेलो आणि पाण्याच्या पिंपावर धडकलो, परत सरळ गेलो आणि पॉलिशवाल्या काकांच्या सायकलवर धडकलो. तेव्हापासून काका हसताना सायकल हातात धरून हसू लागले.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून आवाज आला. "आजोबा, नट सैल करा!"

"सैल केले तर खिळखिळा होईल गं."

"थोडा खिळखिळाच हवा तो! त्याशिवाय वळणार कसा? आणि तो काळा कागद मुद्दाम लावलेला असतो. पाय घसरू नये म्हणून!"

आजोबांनी मला उचलून उलटसुलट करून बघितलं. चाळीस वर्षं त्यांनी प्रत्येक लाकूड सरळ, गुळगुळीत आणि घट्ट केलं होतं. आणि इथे वाकडं, खरखरीत आणि ढिलं हेच बरोबर होतं. "अस्सं होय!" ते एवढंच म्हणाले. मग कपाटातला सगळ्यात जाड्याभरड्या दाण्याचा पॉलिश पेपर काढून त्यांनी माझ्या पाठीवर इतका सफाईने चिकटवला, की मला घडवणाऱ्या कारखान्यालाही तसा कधी जमला नव्हता. नट मात्र त्यांनी डोळे मिटून सैल केले. त्यांच्याच्याने बघवेना.

त्यानंतर खिडकीतून रोज सूचना यायला लागल्या. गुडघे वाकवा. पायाकडे बघू नका, पुढे बघा. पुढचा पाय चाकांच्या स्क्रूंवर, मागचा टोकावर. आजोबा, ते टोक नाही, दुसरं! दोनेक दिवसांनी सूचना जिन्यावरून यायला लागल्या. आठवड्याने खारूताई अंगणातल्या लाकडांच्या ढिगावर बसून ओरडत होती. आजोबांना पुढे ढकलणं जमलं, थांबणंही जमलं. पण पुढची चाकं उचलली, की ते स्वतःच उलटत.

एके दुपारी आजोबा साठावी की एकसष्टावी रेघ ओढत असताना तिने त्यांना विचारलं, "आजोबा, सगळे हसतात. तुम्हाला लाज नाही वाटत?"

"वाटते ना. कान गरम होतात अगदी."

"मग काय करता?"

"पेन्सिल शोधतो," आजोबा म्हणाले. "ती सापडेपर्यंत लोकांचं हसून झालेलं असतं."

 मी जवळच उलटा पडलो होतो. खारूताईने माझं एक चाक बोटाने हळूच फिरवलं, हे मला चांगलं आठवतं.

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. चार वाजता तिची आई तिला न्यायला येणार होती. साडेतीनला आजोबांनी उशी घट्ट बांधली. आजींनी भिंतीवर फळीच्या जागी खुणा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. आजोबा निघाले. अंगणाच्या टोकापर्यंत आम्ही झकास गेलो. त्यांनी मागच्या टोकावर भार दिला, माझी पुढची चाकं उचलली गेली, आम्ही वळायला लागलो, पाव वळलो, अर्धे वळलो, आणि तिथे आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही हात वर केले. पुढच्या क्षणी ते भुशाच्या ढिगात होते. वर फक्त उशी दिसत होती.

पहिली हसली ती खारूताई. मोठ्याने, पोटातून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मग तिला एकदम कळलं की आपण पडलेल्या माणसाला हसतोय. तिने तोंडावर हात दाबला आणि धावत जाऊन आजोबांना हात दिला. आजोबांच्या भुवयांवर भुसा होता.

"हरलो गं," ते म्हणाले. "आण ती करवत."

"अहो असं नाही आजोबा, हात वर कशाला करायचे? वळताना खांदे आधी वळवायचे! हे बघा, असे!"

आणि ती माझ्यावर चढली. दाखवण्याच्या नादात चढली, आपण चढणार नव्हतो हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मित्रांनो, ते ओळखीचे दोन पाय पाठीवर पडले आणि मला रडू आलं. लाकडाला येत नाही म्हणतात, पण आलं. आम्ही सरळ गेलो, खांदे वळले, मी वळलो, पुरता वळलो. आणि परत येताना अंगणातल्या फटीत एक खिळा होता.

ती पालथी पडली. पॉलिशवाले काका सवयीने हसले. आजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते हसू गिळून सायकलची घंटी पुसायला लागले.  खारूताईचे कान लालबुंद झाले होते. ती आता वर खोलीत पळेल आणि मी फळी होईन, असं मला वाटलं. त्याहून जास्त काळजी मला तिची वाटत होती.

ती उठली. हातपाय झटकले. आजोबांच्या कानावरची पेन्सिल भुशात पडली होती. ती तिने उकरून शोधली, चौकटीजवळ गेली आणि आजोबांच्या रेघांशेजारी जरा जागा सोडून एक रेघ ओढली.

"एक," ती म्हणाली. "आजोबा, सरका. मला पुन्हा जायचंय."

चार वाजता तिची आई आली आणि सहा वाजेपर्यंत निघू शकली नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझी चाकं दोनदा बदलली, विंचवाचा रंग उडाला, नांगीतली रेघ तेवढी राहिली आहे. खारूताईकडे आता नवा, हलका बोर्ड आहे. मी कारखान्यातच खुंटीवर असतो आणि सकाळी आजोबा मला उतरवतात. किकटर्न त्यांना अजूनही जमलेला नाही. आजींना फळीही अजून मिळालेली नाही.

म्हणून मित्रांनो, हात जोडून विनंती करतो. आम्हाला पावसात टाकू नका, ओले झालो तर पुसा, आणि देवाशपथ, व्हार्निश लावू नका. तुमच्यासमोर कोणी पडलं, तर हसू येणारच, मलाही येतं. खुशाल हसा. पण आधी हात द्या आणि त्याची पेन्सिल शोधून द्या.

परवा खारूताई आली होती. तिने चौकटीवरच्या रेघा मोजल्या. तिच्या रेघा आजोबांच्या रेघांपेक्षा अकराने जास्त भरल्या. ते कळल्यापासून आजोबा जरा अस्वस्थ आहेत, आणि आत्ता, या वयात, ते पुन्हा उशी शोधताहेत.