कापूस गेला, भाव राहिला

सुलक्षणाची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा अर्ध्या तासावर आली होती आणि जळगावच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये तिची दोन-तीन जिपा भरून आलेली माणसं वडापाव खात बसली होती. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं, एवढं कानावर पडलं आणि तिच्या वडिलांनी, लोटनआबांनी, गावात दवंडीच पिटली. पारोळ्याकडचे भाऊबंद आले, शिरपूरकडून तोताराम मामा आपला गोतावळा घेऊन आला. लग्नाला जमणार नाहीत एवढ्या टोप्या जमल्या.

तिचा विषय कापसावरचं आयात शुल्क. शुल्क उठलं की बाहेरचा कापूस स्वस्तात येतो आणि इथला भाव वाकतो, हे पुस्तकातलं कुणीही सांगेल. पण त्याचा दणका कुणाच्या पाठीत बसतो? शिरपूर, शिंदखेड्याकडची शेकडो घरं पालथी घालून सुलक्षणाने उत्तर काढलं होतं : व्यापाऱ्याच्या. कारण मागे एका चैत्रात शुल्क उठलं, तोवर शेतकऱ्याचा कापूस केव्हाच विकून झाला होता. या निष्कर्षावर पदवी उभी होती आणि पदवीवर कॉलेजातली नोकरी.

"मामा, यंदा कापूस कसा गेला?" वेळ घालवायला तिने काहीतरी विचारलं.

"दिवाळीलेच जिनमा टाकी दिधा. भाव आखाजीले तोडसूत."

"म्हणजे पैसे आखाजीला?"

"भावच आखाजीले वं! घरमा उंदरं, आगीनी भीती. कापूस जिनवालाकडे, भाव उघडा. चांगला दखायना का तोडना. आमनाकडे बठ्ठासनं असंच शे, आजनं नही."

सुलक्षणाने चहाचा कप खाली ठेवला. तिने घरोघर एकच विचारलं होतं : कापूस घरातून कधी गेला? तिच्या घरी दारातच माप व्हायचं, दारातच भाव ठरायचा. त्यामुळे गेला म्हणजे विकला, यात विचारण्यासारखं काही असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिरपूरकडे सगळ्यांनीच दिवाळीत जिनिंग कारखान्यात दिलेल्या कापसाचा भाव आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, न ठरता लटकत असेल, तर चैत्रातला दणका व्यापाऱ्याला नव्हे, मामालाच बसणार. सगळा प्रबंधच उलटा.

ती धावत मार्गदर्शक चारुलता मॅडमकडे गेली. ऐकून बाईंचा चेहरा उतरला.

"परीक्षकांनी विचारलं तर सांग," त्या हळूच म्हणाल्या. "नाही विचारलं तर झाकली मूठ. नंतर लेखात दुरुस्ती करू. पोरी, पाच वर्षं घातलीयेस तू."

बाई वाईट नव्हत्या. म्हणून तर त्यांचं म्हणणं मोडवत नव्हतं.

परीक्षकांनी बाकी सगळं विचारलं. ती उत्तरं देत गेली. शेवटी ते प्रसन्न होऊन म्हणाले, "हा निष्कर्ष धोरण आखणाऱ्यांपर्यंत गेला पाहिजे. शुल्क उठवताना शेतकऱ्याची चिंता करायचं कारण नाही, हे तुम्ही आकड्यांनी दाखवलंत."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मामाने वाजवल्या. सुलक्षणाला भडभडून आलं.

"सभागृहातून कुणाला प्रश्न?" अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. अध्यक्ष सहीसाठी पेन उघडू लागले.

"मला आहे," सुलक्षणा म्हणाली.

कुणीतरी हसलं. चारुलता मॅडमनी डोळे मिटून घेतले. ती टोप्यांकडे वळली. "ज्या साले शुल्क उठनं, त्या साले कापूस जिनमा टाकीसन भाव उघडा ठेवा व्हता, त्यासनी हात वर करा."

मामाने केला. मग शिरपूरकडच्या साऱ्यांनी केला. परीक्षक पुढे झुकले. आणि पहिल्या रांगेतून, अर्धवट, कोपरात वाकलेला एक हात वर आला. आबांचा.

"आबा? आपला तं दारवरच इकाना व्हता ना?"

"त्या साले नही." आबा खाली बघत बोलले. "जास्तीना भाव भेटी म्हनीसन जिनमा टाका. तोडापावत भाव पडी गया. तुना अभ्यासमा घोर नको, म्हनीसन सांगं नही."

"हे प्रकरण नव्याने लिहावं लागेल," परीक्षक म्हणाले. "आज पदवीची शिफारस करता येणार नाही."

"हो, सर."

नोकरी गेली, हे तिला कळत होतं, आणि त्याचं रडूही येत होतं. पण आबांचा तो हात खाली येत नव्हता, आणि तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं. शेकडो घरांच्या ओसरीवर बसून तिने विचारलं होतं. आपल्या घरी मात्र तिने विचारलंच नव्हतं.