डावा अंगठा

"अंगठाच ना?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान न वळवता विचारलं.

"हो. डावा," मी म्हटलं.

पायाच्या डॉक्टरांची बिलं करणाऱ्या कारकुनाला एवढं पुरतं. आमच्याकडे दहा बोटांना दहा कोड आहेत. एक चुकला तर विमा कंपनी अख्खा कागद परत पाठवते. एकोणीस वर्षांत माझा एकही चुकलेला नाही. आजचा अंगठा माझ्या दादाचा होता, आणि तो आता दादाच्या पायाला नव्हता.

दादा जन्मभर बेकरीत भट्टीसमोर उभा राहिला. मग शुगर वाढली आणि पाय बधिर झाले. दर दोन महिन्यांनी तो नखं कापून घ्यायला, कुरूपं काढून घ्यायला इथे यायचा. पण नखं कापायला कंपनी पैसे देत नाही. तिच्या लेखी ती हजामत. देते कधी, तर पाय बधिर आहे किंवा पावलाची नाडी लागत नाही असं डॉक्टरांनी लिहिलं तर. नाहीतर एखादं बोट आधीच कापलेलं असलं तर.

गेल्या वर्षी एकदा डॉक्टरांनी दादाच्या कागदावर एवढंच लिहिलं, 'नखं कापली.' आमच्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, पण लिहायचं म्हटलं की कंटाळा. परक्यांचे असे कागद मी रोज त्यांच्यापुढे नेऊन ठेवतो. "डॉक्टर, पाय तपासला होतात ना? मग तेवढं लिहा," म्हणतो. ते जीभ चावतात आणि लिहितात. यात लबाडी काही नाही, हेच माझं काम. दादाचा कागद मात्र मी नेला नाही. आडनाव एकच, आणि शेजारी बाई कान देऊन बसलेल्या. घरच्यांची सोय लावतो असं कोणी म्हणू नये म्हणून मी गुपचूप साध्या कोडवर बिल पाठवून दिलं. मोठा धुतल्या तांदळासारखा मी! त्याच महिन्यात दादाच्या टाचेत रुतलेला खिळा मी स्वतः पकडीने उपटला होता, आणि तो निवांत पेपर वाचत होता.

क्लेम नामंजूर झाला. दादाने बिल भरलं आणि यायचं सोडलं. "घरी ब्लेड आहे की," तो म्हणाला. मीही मान डोलावली. ब्लेड लागलेलं त्याला कळलंच नाही. वास यायला लागल्यावर वहिनीला कळलं.

आज उरलेल्या बोटांची नखं कापायला तो आला होता. वहिनीच्या खांद्यावर हात टेकून माझ्या बिलांच्या खिडकीपाशी उभा राहिला.

"आता पास होईल ना रे?"

"होईल, दादा."

"चला, नियमात बसलो एकदाचा."

वहिनी हसली नाही. "तेव्हा काहीच करता आलं नसतं का हो, भाऊजी?" तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती.

आलं असतं. कागद घेऊन चार पावलं चालायचं होतं. मी तोंड उघडलं, पण आधी दादाच बोलला.

"त्याला काय विचारतेस? त्याच्या हातात असतं तर केलं नसतं का त्याने?"

तो लंगडत बाकावर जाऊन बसला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागला, "खिडकीतला तो माझा धाकटा भाऊ. सख्ख्या भावासाठीसुद्धा एक आकडा इकडचा तिकडे करत नाही."

त्या माणसाने माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान खाली घालून कोड टाकला. क्लेम दुपारच्या आत मंजूर झाला.