अर्धी वीत गवत

रेषापंच हात्सुएने बावटा मांडीशी घट्ट दाबून धरला. ती कोपऱ्यातल्या खांबाशी वाकून गोलरेषेवरून सरळ बघत होती, आणि चेंडू रेषेच्या पलीकडे गवतात टेकला होता. चेंडू बाहेर गेला म्हणून गोलकीपर रेंजीने हात वर केला आणि तो जागीच थांबला. बचावाचे गडीही थांबले. एकटा ओबा, समोरच्या संघातला चाळिशीचा खेळाडू, तेवढा घसरत गेला आणि पाय लांबवून त्याने चेंडू मागे ओढला. साथीदाराने तो मोकळ्या गोलात ढकलला.

मुख्य पंचाने हात्सुएकडे पाहिलं. बावटा खालीच होता. त्याने गोल दिला.

दोन मिनिटांत सामना संपला. रेंजीचा संघ, याइझू बंदरावरच्या कामगारांचा, एका गोलने हरला. बरोबरी झाली असती तरी ते सव्वीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या गटात गेले असते. त्यांचा प्रशिक्षक कोमोरी धंद्याने सुतार होता. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. पुढच्या महिन्यात तो गाव सोडून लेकीकडे राहायला जाणार होता. हा त्याचा शेवटचा सामना.

तो मैदान ओलांडून हात्सुएपाशी आला. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तीस वर्षं तो तिच्याच दुकानातून तोफू नेत होता.

"हात्सुएबाई, रेषा आणि बॉल यांच्यामध्ये गवत दिसत होतं. माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनासुद्धा."

"दिसत होतं."

"मग?"

"मलाही दिसलं, मिस्त्री. पण तेवढ्याने बॉल बाहेर जात नाही."

मागून रेंजी आला होता. हातमोजे त्याने अजून काढले नव्हते.

"मावशी, सकाळी तोफूबरोबर डोळेपण पाण्यात घालून आलात काय?"

"गप बस," कोमोरी म्हणाला. "बॉल आण. होता तिथेच ठेव. बोटभरही लबाडी नको."

ओबाच्या बुटाने गवत खरवडलं होतं, त्यामुळे जागा शोधावी लागली नाही. रेंजीने गुडघ्यावर बसून चेंडू ठेवला, पुन्हा उचलून नीट ठेवला. चेंडू जिथे टेकला होता तिथपासून पांढऱ्या रेषेपर्यंत जवळजवळ अर्धी वीत गवत होतं. ते त्याने सगळ्यांना बोटाने दाखवलं.

हात्सुएने मान हलवली. "गाडीत ओळंबा असेल ना तुमच्या?"

कोमोरीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तो गाडीकडे गेला आणि दोऱ्याला टांगलेला करंगळीएवढा पितळी ओळंबा घेऊन आला. चेंडूशेजारी उकिडवा बसला आणि रेषेच्या बाजूला चेंडूचं पोट जिथे सगळ्यात जास्त पुढे येतं, तिथे त्याने दोरा टेकवला.

समुद्रावरून वारा येत होता. ओळंबा झुलू लागला. रेंजीच पुढे सरकला आणि त्याने दोन्ही पंजांचा आडोसा धरला. झोका लहान होत गेला, थांबला.

टोक पांढऱ्या भुकटीवर होतं. रेषेच्या अगदी बाहेरच्या काठावर, पण आत. तांदळाच्या दाण्याएवढं आत.



"रेषा मैदानाचीच असते," हात्सुए हळू आवाजात म्हणाली. "बॉल अख्खाच्या अख्खा पार गेला पाहिजे. जमिनीवरून जावो की हवेतून. पोटसुद्धा."

कोमोरी उठला नाही. "पन्नास वर्षं याने खांब बघतोय," तो म्हणाला. "बॉलला कधी लावला नाही."

जिंकलेल्यांचा गलबला थांबला. तेही आले. एकेक जण वाकून बघायचा आणि दुसऱ्याला जागा करून द्यायचा. एकाने टोपी काढून हातात धरली. ओबा सगळ्यांत जास्त वेळ वाकून राहिला.

"मलाही बाहेरच वाटला होता," तो म्हणाला. "पाय गेला, इतकंच."

रेंजीचे पंजे अजून वाऱ्याला आड होते. त्याने मान वर केली.

"मावशी, मग तुम्हाला हा दाणाभर कसा दिसला? तिकडून, एवढ्या धावपळीत?"

हात्सुएने बावटा गुंडाळून काखेत धरला.

"नाही दिसला रे. माझाही हात उठायला लागला होता, दाबून धरला मी. बॉल पूर्ण बाहेर गेलेला मला दिसला नाही, एवढंच मला ठाऊक होतं."

रेंजी तिच्याकडे बघतच राहिला. कोमोरीही.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मी बघू का?"

गडी बाजूला झाले. एकोणीस वर्षं गोलरेषांवर नजर ठेवत आलेली ती बाई हातांवर रेलून गवतावर ओणवी झाली आणि तिने गाल जवळजवळ जमिनीला लावला. बराच वेळ ती तशीच होती. कोमोरी उकिडवाच होता; दोरा त्याने हलू दिला नाही.