रिकामी कडी आणि मांड्यांचे खापर

मित्रांनो, लोक एकमेकांच्या माथी फोडतात ते खापर वेगळे. मी मांड्यांचे खापर. पोटातून धुराने काळे, पाठीने गुळगुळीत आणि काठाला एका जागी चिरलेले. वर्षातले बहुतेक दिवस मी जळगावातल्या एका दोन खोल्यांच्या घरात जिन्याखाली पडून असतो आणि आखाजीची वाट पाहतो.

माझा जन्म पहूरचा. लोटन कुंभाराने गाळाच्या मातीत घोड्याची लीद आणि राख मळली आणि थापीने ठोकून ठोकून मला घडवले. भट्टीतून निघालो तेव्हा शेवंताबाईच्या आईने मला बोटाने वाजवून पाहिले. आवाज खणखणीत आला. लोटन म्हणाला, "माय, तापलेल्या खापरावर पाणी नको, अन् थंड खापराखाली एकदम जाळ नको. एवढं सांभाळलं तर हे तुझ्या लेकीच्या लेकीला पुरेल."

लेकीचे, म्हणजे शेवंताबाईचे, लग्न झाले आणि पहिल्याच आखाजीनंतर मी तिच्याबरोबर जळगावला आलो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात तो सासरी गेलेल्या मुलींचा सण. त्या माहेरी येतात, झोके खेळतात, आमरसाबरोबर मांडे खातात. तुम्ही त्यांना खापरावरची पुरणपोळी म्हणत असाल. शेवंताबाईला न्यायला दरसाल तिचा भाऊ यायचा. न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की तिच्या हातातली भाकरी तव्यावर जाण्याऐवजी परातीतच राहायची. पुढे आई गेली, भाऊ सुरतेला कामाला गेला आणि पहूरचे दार मिटले.

तिचा नवरा गिरधर चटईच्या कारखान्यात कामाला होता. धुळ्याकडचा, बोलणे कमी. ते भाड्याच्या खोलीत राहत. त्यांची एकुलती मुलगी कामिनी आठ-नऊ वर्षांची असताना आखाजीला झोक्यासाठी हटून बसली. गिरधरने दोर आणला, स्टुलावर चढला, आणि तेवढ्यात घरमालक दारात आला. आज झोका बांधाल, उद्या पाळणा बांधाल, परवा म्हणाल छत आमचंच, असे तो हसत हसत म्हणाला. गिरधर खाली उतरला. दोराची घडी करून त्याने ती माझ्याशेजारी ठेवली. कामिनी रडली नाही. तिने नुसते वर छताकडे पाहिले. ते पाहणे शेवंताबाईच्या मनात काट्यासारखे रुतून बसले.

"पोरीला झोका बांधता येईल एवढं तरी छत आपलं पाहिजे," ती त्या दिवशी म्हणाली.

ते छत व्हायला पुष्कळ वर्षे लागली. कामिनी कॉलेजात असताना नशिराबादच्या रस्त्याला लागून दोन खोल्यांचे घर घेतले. घर बँकेकडे गहाण आणि गिरधर कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही हप्ते उरतील इतकी लांब मुदत. स्लॅब पडताना शेवंताबाईने मिस्तरीच्या मागे लागून छतात जाड लोखंडी कडी बसवून घेतली. मिस्तरी म्हणाला, पंखा एवढा जड नसतो, अक्का. ती म्हणाली, पंख्याची नाही ती.

पण घर उभे राहिले ते दिवाळीला, आणि पुढच्या आखाजीच्या आत कामिनीचे लग्न होऊन ती धुळ्याला गेली. कडी रिकामीच राहिली.

त्याच वर्षी माझे भाग्य उजळले, असे मला तेव्हा वाटले. किराणा दुकानाचे मालक सोहनलाल शेठ यांच्या पत्नी प्रेमकुंवर यांनी शेवंताबाईच्या हातचा मांडा कुठेतरी खाल्ला आणि आखाजीसाठी भरपूर मांडे सांगितले. त्यांच्या ओळखीने आणखी घरे आली. अंगणात पत्र्याखाली चूल मांडली. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ, डोक्यावर वैशाखाचे ऊन आणि चुलीवर मी. शेवंताबाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवायची आणि अलगद माझ्या पाठीवर टाकायची. रुमालासारखा मऊ मांडा निघायचा. लोक वाखाणायचे. मी फुशारून जायचो.

कामिनीला मात्र फोन गेला की यंदा राहू दे, चूल एक मिनिट मोकळी नाही, पुढच्या वर्षी ये.

मांड्यांचे पैसे घेऊन गिरधर बँकेत गेला. तिथल्या साहेबांनी समजावले की सुरुवातीच्या हप्त्यात व्याजच जास्त असते. वरचे पैसे थेट मुद्दलात भरले तर बोजा लवकर उतरतो. मग विचारले, हप्ता कमी करू की मुदत? घरी येऊन गिरधरने सांगितले, "मी म्हटलं, मुदत कमी करा." शेवंताबाईने मान हलवली. दोघांना एकच ध्यास लागला. कामिनीचे माहेर गहाणात राहायला नको.

त्यानंतर त्या घराने पोटाला चिमटा घेतला. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. कूलरशिवाय त्यांनी तो ओले गोणपाट खिडकीला लावून काढला. दूध चहापुरते, तेही सकाळीच. रोज कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. गिरधर सायकलवर कारखान्यात जायचा. शेजारचा अभिमन चिडवायचा, "गिरधरभाऊ, तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?" गिरधर म्हणायचा, "दोन भाकरीत जाऊन-येऊन."

आणि मित्रांनो, मी साऱ्या कॉलनीला मांडे खाऊ घातले, पण त्या घरच्या ताटात मांडा पडला नाही. फाटलेला मांडासुद्धा शेवंताबाई घडी करून कमी पैशात द्यायची. माझी पाठ तापलेली असायची आणि आत कुठेतरी गारठा असायचा. मी ज्या मुलीसाठी पहूरहून आलो, ती कुठे होती?

पुढच्या वर्षांत शेवंताबाई कामिनीला आखाजीच्या आधी फोन करायची. "जमलं तर ये गं." पलीकडून कामिनी म्हणायची, "पाहते, आई." आणि यायची नाही. पहिल्यांदा शेवंताबाईला वाईट वाटले, मग राग आला. कामिनीला मुलगी झाली, तिला रूपाली नाव ठेवले, तेव्हा दोघे जाऊन आले. पण सणाला कामिनी आली नाही. धुळ्याची झाली ती आता, शेवंताबाई मांडे पसरवता पसरवता म्हणायची. जातायेता तिची नजर दारातून आत, कडीकडे जायची.

अखेर एका फाल्गुनात गिरधर बँकेतून घराचे कागद छातीशी धरून आला. मुदतीच्या कितीतरी आधी गहाण सुटले होते. त्याने कागद देवापुढे ठेवले आणि तो तिथेच भिंतीला टेकून बसला. शेवंताबाईने त्या दिवशी दुपारीसुद्धा दुधाचा चहा केला.

आखाजी जवळ आली. गिरधरने जुना दोर काढून कडीला बांधला, खाली पाट अडकवला. शेवंताबाईने फोन लावला. घर सुटलं, झोका बांधला, आता तरी ये, असे सगळे सांगितले. पलीकडून तेच आले, "पाहते, आई."

तिने फोन ठेवला तेव्हा प्रेमकुंवर मांडे सांगायला अंगणात आल्या होत्या. शेवंताबाईच्या तोंडून सारे निघाले. एवढे हाल काढले ते कुणासाठी, आणि पोरीला एक दिवस सवड नाही. प्रेमकुंवर यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "घ्यायला कोण गेलं होतं?"

"फोन केला ना."

"ते कळलं. घ्यायला कोण गेलं?"

गिरधर सायकलची साखळी पुसत होता, त्याचा हात थांबला. जाण्यायेण्याचे भाडे, बुडणारा दिवसाचा पगार, रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून व्याह्यांसाठी फळे-मिठाई. फोनवर काम होत होते, तर हे सारे मुद्दलात जात होते.

"फोनवर शाबुदाणा मागवतात, शेवंताबाई," प्रेमकुंवर म्हणाल्या. "लेक नाही. माझे मांडे यंदा राहू द्या."

दुसऱ्या दिवशी गिरधर धुतलेला सदरा घालून धुळ्याच्या एस.टी.त बसला. मुलगा नसलेल्या घरात बापच मुराळी. शेवंताबाईने मला काढून पुसले, उन्हात ठेवले आणि मग हळूहळू चुलीवर चढवले, लोटनने सांगितले होते तसे, आधी दोन काड्या, मग चार. तिची नजर रस्त्यावर आणि माझी तिच्यावर. दुपार कलली तरी कुणी दिसेना. ती दोनदा म्हणाली, नसेल येत. दोनदा तिनेच जाळ पुढे सारला.

उन्हे उतरताना तिघे आले. पुढे रूपाली, मागे पिशवी घेतलेली कामिनी, तिच्यामागे गिरधर. रूपाली थेट माझ्यापाशी आली. "आजी, हे मडकं उलटं का ठेवलंय?" कामिनीने हातातली पिशवी आईपुढे ठेवली.

"दरसाल पिशवी भरून ठेवायची मी," कामिनी म्हणाली. "सासू विचारायची, तुझा मुराळी कधी येतो? मी म्हणायची, येतील. मग सण गेला की पिशवी सोडायची. त्यांच्यासमोर एकटी कशी निघू, आई? आणि तुला तरी कसं सांगू, तिकिटाचे पैसे काढून आप्पांना पाठव?"

शेवंताबाईने तिचे तोंड दोन्ही पिठाळ हातांत धरले.

आत झोका होता. कामिनी त्यावर बसली आणि तिचे पाय फरशीवर टेकले. गुडघे पार वर आले. दोर बांधताना गिरधरच्या डोळ्यांपुढे आठ-नऊ वर्षांची पोर होती. त्याने तिच्याच मापाने बांधला होता. सगळे हसले. "राहू द्या आप्पा," ती उठत म्हणाली, "रूपालीला बरोबर होतोय." रूपाली मनसोक्त खेळली, दमली आणि आमरसाच्या वाटीकडे धावली.

तेव्हा गिरधर स्टुलावर चढला. त्याने दोराची गाठ सोडली, दोर वीतभर वर घेतला, पुन्हा बांधला आणि लोंबकळून पाहिले. कडी हलली नाही. खाली उतरून त्याने पाट हाताने पुसला.

"आते बठ, बेटा," तो म्हणाला. "आते बठ्ठं घर आपलं शे." अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.

कामिनी बसली. बापाने पाठीवर हात ठेवून पहिला झोका दिला. शेवंताबाई दारातून पाहत राहिली, आणि माझ्या पाठीवर तिचा मांडा करपला. इतक्या वर्षांत माझ्यावर करपलेला तो पहिलाच. कामिनीने तो मागून घेतला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

मित्रांनो, बँकेने त्यांची मुदत कमी केली; पण जे सण गेले ते परत द्यायला तिच्याकडे खिडकी नव्हती. कामिनीच्या कपाळाजवळ एक पांढरा केस आहे. तो कधी आला, ते तिच्या आईला ठाऊक नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखे खापर असेल तर त्याला एकदम जाळ लावू नका आणि तापल्यावर पाणी मारू नका. घर गहाण असेल तर जरूर लवकर सोडवा. चहातले दूध कमी करा, सायकल चालवा, ओल्या गोणपाटावर उन्हाळा काढा. फक्त मुराळ्याचे तिकीट वाचवू नका.

माझी चीर आता बोटभर लांबली आहे. तरी अजून एक-दोन आखाज्या निघतील असे वाटते. गिरधर धुळ्याला जायचा सदरा धुवायला टाकतो, तेव्हा मला जिन्याखाली कळते की मला उन्हात काढायचा दिवस जवळ आला.