गुणाबाईचा डेरा

मी एक जुना डेरा आहे. मित्रांनो, काचेच्या कपाटासमोर उभे राहून तुम्ही माझी पाटी वाचता, ‘तीन हजार वर्षांपूर्वीचे भांडे’, आणि तोंडात बोट घालता. ती पाटी खोटी आहे. मुदखेडजवळच्या एका खेड्यात मी घडलो, तेव्हा निजामाचे राज्य होते आणि त्या राज्याची शेवटची पाच-सहा वर्षे उरली होती.

भुजंग कुंभाराने मला चाकावर काढले. त्याच्या बायकोने, गुणाबाईने, थापीने ठोकून माझे पोट फुगवले आणि काठाखाली नखाने तीन रेघा ओढल्या. तिच्या प्रत्येक भांड्यावर तशा रेघा असत. दोन वर्षे माझ्यात ताक घुसळले गेले. गुणाबाई शेजारणीला म्हणायची, "ह्या डेऱ्यात लोणी लई येतंय." तेव्हा मी भलताच ऐटीत असे.

मग तिला मुलगा झाला आणि सातव्या दिवशी गेला. त्यांच्या घरात एवढ्या लहान लेकराला जाळत नसत, डेऱ्यात ठेवून पुरत. गावच्या मातीत राहिले तर लेकरू पुन्हा त्याच आईच्या पोटी येते, असा त्यांचा भरवसा होता. गुणाबाईने मला धुऊन आत जुने लुगडे अंथरले. गावामागे एक पांढऱ्या मातीचे टेकाड होते. पूर्वी कधीतरी तिथे गाव वसले होते आणि मोडले होते. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून मला त्या टेकाडात खूप खोल पुरले. आजूबाजूला राख होती, कुणाकुणाच्या चुलीजवळची खापरे होती. मी लेकराला सांभाळून राहिलो. माझ्या आयुष्यातले एवढे एकच काम मला मोलाचे वाटते.

मला पुरल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात रेणुकादास साहेब हैदराबादेहून ते टेकाड खणायला आले. नुसते खणून जुनी माणसे समजत नाहीत, आजच्या माणसांचे हात पाहिले की जुने हात कळतात, असे ते सगळ्यांना सांगत. पुढे संग्रहालयात ते पाहुण्यांना हे सारे सांगत, तेव्हा मीही ऐकले. रोज सकाळी ते वही घेऊन कुंभारवाड्यात बसत. माती कुठली, वाळू किती, थापी कशी धरतात, सारे लिहून घेत. गुणाबाईच्या रेघाही त्यांनी वहीत काढल्या. एकदा विचारले, "लहान मूल दगावलं तर काय करता?"

गुणाबाई खाली बघत म्हणाली, "डेऱ्यात घालून ठिवतोत, साहेब. पोटात असल्यावानी ऱ्हातंय."

त्यांनी तेही लिहिले. तुमचे कुणी असे गेले का, हे मात्र विचारले नाही.

आठ दिवसांनी मुकादम रामकिशनची कुदळ माझ्या काठाला लागली. लुगडे तोवर कुजून मातीत मिसळले होते. साहेबांनी आतली इवली हाडे पाहिली आणि ओरडले, "सापडलं! तीन हजार वर्षं तीच रीत!" गुणाबाईने सांगितले नसते तर त्यांना त्या हाडांचा अर्थही लागला नसता. त्याच दुपारी त्यांनी हैदराबादेला तार पाठवली.

बातमी ऐकून गुणाबाई धावत आली. "साहेब, ह्यो माझा डेरा हाय. माझं लेकरू हाय त्यात."

रामकिशन हसला. "आगं, तुझ्या खापरपणजीच्या बी आधीचं हाय हे."

तिने माझ्या काठाखाली बोट ठेवले. "ह्या रेघा बघा. तुमीच लिवून घेतल्या की."

साहेबांनी वही उघडली. वहीतल्या रेघा आणि माझ्या रेघा त्यांनी दोनदा ताडून पाहिल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. आता हे मला तिच्या ओटीत देतील, असे मला वाटले. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "बाई, अशा रेघा तेव्हाही काढत असतील."

दुसऱ्या दिवशी मला पेंढ्यात बसवून बैलगाडीने मुदखेड स्टेशनाकडे नेले. गुणाबाई वेशीपर्यंत गाडीमागे चालत आली. भांडली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, "उन्हात ठिवू नका त्याला."

साहेब पुढे फार मोठे झाले. माझ्या समोरून जाताना मात्र मान फिरवीत. मला त्यांचा अजून राग येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला इथे पुष्कळ जपतात, मऊ फडक्याने पुसतात. पण मी रिकामा आहे. लेकराला माझ्यातून काढून कागदात बांधले, पेटीत घातले आणि ती पेटी मागच्या खोलीत गेली. बारशाआधीच गेलेले ते पोर, त्याला नाव नव्हते. आता नंबर आहे. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी वही घेऊन एखाद्या घरी बसाल, तर सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडेही बघा. आणि कधी त्या मागच्या खोलीत जाल, तर ती पेटी शोधा. मला सोबत न्यायची गरज नाही, मी इथे फुटलो तरी चालेल. लेकराला तेवढे घरी न्या.